गप्प केलेली जमीन

वस्तीतल्या पहारेकऱ्याच्या घरी, पुढच्या खोलीत त्या सकाळी इतकी माणसं दाटली होती की मी उंबऱ्यावर एका पायावर उभा होतो. एरवी एवढ्या गर्दीत कोणाला तरी कोपर लागतं, कोणी तरी कुरकुरतं. त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. सगळ्यांचे कान जमिनीला लागले होते, कारण जमीन बोलत होती.

टक. टकटक. टक, टकटकटक.

मधोमध मौनीबुवा उकिडवे बसले होते. डाव्या हातात पिवळी पेटी, उजव्या हातात पेटीला वायरने जोडलेली वीतभर चकचकीत नळी. नळी जमिनीजवळ नेली की पेटी टकटकायची. बुवांनी डोळे मिटले.

"ऐकताय ना? ही तक्रार आहे जमिनीची. तुम्ही हिच्या पोटातला दगड काढलात, दळलात, विकलात. ती गप्प बसेल? आई मारायच्या आधी बडबडते. ही बडबड आहे, मार पुढेच आहे. पण घाबरू नका. आईची समजूत काढता येते. कंपनं असतात. कंपनांना कंपनांनी शांत करायचं असतं. मोठमोठ्या प्रयोगशाळांना हे अजून कळलेलं नाही, कळेल, वेळ लागेल, मोठ्यांना वेळच लागतो."

त्यांना मौनी म्हणत ते जमिनीला मौनात घालतात म्हणून. स्वतः हा माणूस झोपेतही बोलत असावा.

बोलता बोलता त्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांत करड्या पाल्याच्या चार जुड्या ठेवल्या, घशातून भुंग्यासारखा आवाज काढत एक फेरी मारली आणि पुन्हा नळी खाली नेली. खोलीतल्या माणसांनी श्वास रोखला.

टक.

बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक टक.

"गेली," बुवा हळूच म्हणाले. "आता हा जो एखादा टक येतो ना, तो हुंदका. रडून झाल्यावर लेकरू देतं तसा."

पहारेकऱ्याची सून तान्ह्या मुलाला छातीशी धरून भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

माझं वस्तीच्या तोंडाशी औषधांचं दुकान आहे. असल्या प्रकारांवर माझा विश्वास नाही, पण विश्वास नसणं आणि उत्तर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमची वस्ती खाणीची. खाण बंद पडून बरीच वर्षं झाली. ती चालू होती तेव्हा दगड फोडून, दळून, त्यातला कामाचा अंश काढून घेत आणि उरलेली राखाडी रेती वस्तीच्या मागे टाकत. तिची टेकडी झाली. घरं बांधायची वेळ आली तेव्हा कंपनीने तीच रेती ट्रकने आणून दिली, फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणत आम्ही ती घरांच्या पायात भरली, खोल्यांतून चोपून जमिनी केल्या, परसात टाकून वाफे केले. पोरं तिच्यावर रांगली. तिच्यात उगवलेली पालेभाजी आम्ही खाल्ली. कोणी काही सांगितलं नाही, आम्ही काही विचारलं नाही.

मग मागच्या वर्षी मोजणीची माणसं आली. पांढरे डगले, नाकातोंडाला फडकी. त्यांनी परसातली माती पिशव्यांत भरली, पालक मुळासकट उपटून नेला, पेरूची पानं तोडली, उंबऱ्याउंबऱ्यावर नळी फिरवली. नळी टकटकायची आणि ती माणसं एकमेकांकडे बघून मान हलवायची. "काय निघालं, साहेब?" असं विचारलं की "अहवाल येईल" म्हणायची. अहवाल आला नाही. टकटक मात्र लोकांच्या कानात राहिली. माणसाला वाईट बातमी सोसते, अर्धी सोसत नाही. उरलेला अर्धा भाग तो स्वतः भरतो, आणि तो भीतीनेच भरतो.

त्या भीतीच्या मागोमाग मौनीबुवा आले. मोजणीवाल्यांकडे होती तशीच पिवळी पेटी त्यांच्याकडे होती. फरक एवढाच की ते मान हलवून निघून जात नसत, बसून बोलत. कोणी तरी आपल्याशी बोलतंय, एवढ्यावरच वस्ती अर्धी त्यांची झाली.

त्यांची पथ्यं तीन. मौनात घातलेल्या खोलीच्या खिडक्या आणि फटी मेणकापडाने घट्ट बुजवायच्या, म्हणजे बाहेर काढलेली आग परत शिरत नाही. टेकडीवर एक करडं झुडूप उगवतं, त्याचा पाला उकळून सकाळ-संध्याकाळ प्यायचा. "जिथे गवताचं पातं जगत नाही तिथे हे जगतं. विष पचवतं. ते तुमच्या पोटात गेलं की तुम्हीही पचवाल." आणि मौन चालू असेतो बाहेरचं औषध बंद. "एका खाटेला दोन वैद्य नकोत."

हे तिसरं पथ्य ऐकून मी चारचौघांत तोंड उघडलं आणि फसलो. लोक माझ्याकडे बघून हसले. औषधवाला औषधाची बाजू घेणारच. पहारेकरी तर म्हणाला, "तुमचा गल्ला बसला म्हणून जमिनीने बोलत राहायचं का?" मी दुकानात परतलो.

आता ड्रिलरविषयी सांगायला हवं.

ड्रिलर माझा मित्र. खाणीच्या पोटात दगडाला भोकं पाडण्यात त्याची हयात गेली. त्याचं खरं नाव फक्त त्याची बायको घ्यायची, तेही रागावली तरच. दोन वर्षांपूर्वी त्याचा खोकला थांबेना, म्हणून मीच त्याला शहरातल्या इस्पितळात नेलं. फुप्फुसात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. "गाठ जाणार नाही. पण किरणांचे उपचार घेतले तर ती आकसेल. श्वास मोकळा होईल, दुखणं कमी होईल. वेळ मिळेल." ड्रिलर म्हणाला, "वेळ मिळतोय तर घेऊ. फुकट कोण सोडतो?" औषधं सुरू झाली. त्यांच्या जोरावर तो बराच काळ तग धरून राहिला, पण श्वास पुन्हा कोंडायला लागला, तेव्हा किरणांच्या उपचारांची तारीख ठरली.

त्या तारखेच्या आठवडाभर आधी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, दुकानात आल्या. त्याच्या गोळ्या न्यायला त्याच येत.

"भाऊजी, गोळ्या नकोत या वेळी."

"अजून आहेत का?"

"बंद केल्यात." त्या काउंटरच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "आणि शहरातही नाही जायचं आता. बुवांनी आमची खोली मौनात घातली परवा."

मी बराच बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "खाणीतल्या किरणांनीच त्यांची छाती जाळली ना? सगळे तेच म्हणतात. मग तीच किरणं मुद्दाम आत सोडायची? भाजलेल्या माणसाला कोणी आगीवर धरतं का?"

"वहिनी, सुरीने माणूस मरतो आणि डॉक्टर सुरीनेच वाचवतो. कोणाच्या हातात आहे, किती आहे, कुठे लावली आहे, यावर असतं ते. डॉक्टरीणबाई मोजून, नेमकी त्या गाठीवर..."

"तुम्हाला गोळ्या विकायच्यात," त्या पटकन म्हणाल्या. मग त्यांचं तोंड उतरलं. "तसं नव्हतं म्हणायचं मला. रागावू नका. पण भाऊजी, मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. आधी जमीन कशी बोलत होती आणि मग कशी गप्प झाली. त्यांच्या खाटेखालची जमीन. माझ्या कानांनी."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. काडी धरलेल्या माणसाला पोहणं शिकवायला जाऊ नये, तो ऐकत नाही. आणि कानांनी ऐकलेल्याला तोंडाने उत्तर देता येत नाही. तारीख निघून गेली. पुढच्या दोन महिन्यांत ड्रिलर मला दाराच्या फटीतून ओझरताच दिसायचा, कारण दार उघडं ठेवायची सोय नव्हती.

शेवटी मी त्याच्या मुलीला फोन केला.

ती दूरच्या गावात शाळेत विज्ञान शिकवते. वस्ती तिला मास्तरीण म्हणते. आईने तिला "अप्पांना आराम आहे" एवढंच कळवलं होतं. फोनवर तिने सगळं ऐकून घेतलं. "येते, काका," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आली. मी तिच्याबरोबर घरी गेलो.

भर दुपारी खोलीत दिवा लागला होता. खिडकीवर, फटींवर मेणकापडाच्या पट्ट्या, त्यांच्या कडांवर मेण ओतलेलं. उकळलेल्या पाल्याचा कडवट वास. ड्रिलर उशांना टेकून बसला होता, आडवा झाला की श्वास घेता येत नव्हता म्हणून. त्याचे गाल आत गेले होते.

"ये," तो म्हणाला. "दार लाव आधी, नाहीतर आई रागावेल. मला बरणीत घालून झाकण लावलंय तिने."

मुलगी त्याच्याजवळ बसली, त्याचा हात धरला. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"फाड ती कापडं," मी म्हणालो. "मी धरतो वहिनींना."

"मी फाडली तर आई उद्या परत लावेल, काका. आणि माझ्याशी बोलणार नाही. तिने काढली पाहिजेत."

स्वयंपाकघरात जाऊन ती आईजवळ बसली. वाद घातला नाही. "आई, तू काय ऐकलंस ते मला सांग. सगळं. नळी कशी धरली होती त्यांनी?" वहिनींना असं कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी उत्साहाने सगळं सांगितलं, पळी हातात घेऊन करूनही दाखवलं. मुलगी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी ती ज्या कॉलेजात शिकली होती तिथे गेली आणि जुन्या सरांकडून तसलंच यंत्र मागून आणलं. संध्याकाळी वहिनींच्या देखत तिने ड्रिलरच्या खाटेखाली नळी धरली.

टकटक. टक, टकटकटक.

"परत आलं," वहिनी म्हणाल्या. "तू दार उघडलंस, आत-बाहेर केलंस, परत आलं ते." मुलीने समजावू पाहिलं, पण त्या चपला घालून बाहेर पडल्यासुद्धा, बुवांना बोलवायला.

बुवा सकाळी आले, आणि त्यांच्या मागे निम्मी वस्ती. ड्रिलरच्या घरात सगळे मावेनात, म्हणून दार उघडं राहिलं. त्या दिवशी दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत वारा शिरला असेल.

"बाई शिकलेल्या आहेत," बुवांनी मास्तरणीकडे बघत सुरुवात केली. "चांगलं आहे. शिकावं माणसाने. पण यंत्र म्हणजे आरसा. संशयी माणसाने धरला तर त्यात संशयच दिसणार."

"माझंच चुकत असेल, बुवा," ती म्हणाली. "दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवून ऐकू या का? म्हणजे मला कळेल माझं कुठे चुकतं."

निम्मी वस्ती बघत होती, बुवांना नाही म्हणायची सोय नव्हती. दोघांनी नळ्या खाली नेल्या. दोन्ही पेट्या टकटकल्या, इतक्या की कोणाची कोणती ते कळेना. मग बुवांनी जुड्या ठेवल्या, भुंगा झाले, फेरी मारली, नळी खाली नेली. त्यांची पेटी गप्प झाली. एखादा हुंदका. मास्तरणीची मात्र तशीच टकटकत होती.

"बघा," बुवा सगळ्यांकडे वळले. "माझं यंत्र जमिनीचं मौन ऐकतं. बाईंचं यंत्र बाईंच्या डोक्यातला गोंगाट ऐकतं."

लोक हसले. वहिनी मुलीकडे दयेने बघत होत्या.

मुलगी बुवांशी बोललीच नाही. आपली नळी तिने आईच्या हातात दिली. "आई, हे धर. हिच्यावर हे धातूचं कवच आहे बघ, बांगडीसारखं फिरतं. याला एका बाजूला चीर आहे. आता चीर जमिनीकडे आहे. अंगठ्याने फिरव."

वहिनींनी घाबरत घाबरत अंगठा सरकवला. चीर वर गेली.

टक.

बराच वेळ काही नाही. मग एक टक.



"आता उलटं फिरव."

टकटक. टकटकटक, टक.

वहिनींनी पुन्हा फिरवलं. गप्प. पुन्हा फिरवलं. बोलायला लागली. त्या फिरवत राहिल्या. त्यांचा चेहरा दर वेळी थोडा थोडा म्हातारा होत गेला. मला वाटलं, आता पुरे, कोणी तरी त्यांच्या हातातून ती नळी घ्या. पण त्यांची मुलगी तोंडावर हात धरून उभी होती आणि तिनेही घेतली नाही.

मग वहिनींनी ती नळी खाली ठेवली आणि बुवांपुढे हात केला.

"तुमची द्या."

"ताई, हे यंत्र सिद्ध केलेलं आहे, परक्या हाती गेलं तर त्याची कंपनं..."

"द्या."

"द्या की बुवा," मागून गॅरेजवाला म्हणाला. "ती काय खाणार आहे ते?"

सगळ्यांचे डोळे आता बुवांच्या उजव्या अंगठ्यावर होते. वहिनींनी पेटीसकट नळी त्यांच्या हातांतून काढून घेतली, जमिनीजवळ नेली, कवच फिरवलं. बुवांची पेटीही बोलायला लागली.

मास्तरणीने मग जे सांगितलं ते तिने शाळेतल्या पोरांना सांगावं तसं सांगितलं, आवाज न चढवता. जमिनीतून, दगडातून निघणारे किरण एकाच जातीचे नसतात. काही पातळ पत्र्यानेही अडतात, काही आरपार जातात. ते वेगवेगळे मोजता यावेत म्हणूनच कारखान्यात नळीवर हे कवच बसवतात. बुवा अंगठ्याने चीर झाकत. जमिनीत काहीच बदलत नव्हतं. जास्त टकटक अडायची, थोडी आरपार यायची, तोच तो हुंदका.

"म्हणजे आमच्या घरीही...?" पहारेकरी म्हणाला.

"तुमच्या घरीही, काका."

"मग जमिनीत विष आहे म्हणायचं."

"किरण सगळ्या मातीत असतात. पृथ्वी झाली तेव्हापासून असतात. तुमच्या-माझ्या हाडांतही थोडे असतात. प्रश्न किती, एवढाच. खाणीने खोल पुरलेलं वर आणून तुमच्या खोलीत पसरलं, म्हणून इथे जास्त आहेत."

तिने जुड्यांमधला थोडा पाला पत्र्यावर जाळला, परसातल्या पालकाची काही पानंही वेगळी जाळली आणि दोन्ही राखांवर चीर उघडून नळी धरली. पालकाची राख जरा टकटकली. टेकडीच्या झुडपाची तडतडलीच.

"झाड विष पचवत नाही," ती म्हणाली. "मुळांनी ओढून पानात साठवतं. तेच तुम्ही उकळून पीत होता."

कोणी तरी विचारलं, "आम्ही मरणार आता?"

"नाही. काही कपांनी कोणी मरत नाही. उगाच घाबरवणार नाही मी तुम्हाला, ते काम करणारे पुष्कळ आहेत. प्यायचं थांबवा. पण त्याहून मोठी गोष्ट ती खिडकी आहे." तिचा आवाज इथे पहिल्यांदा अडखळला. "या रेतीतून एक वायू निघतो. रेडॉन म्हणतात. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर वारा त्याला उडवून नेतो. बंद खोलीत तो साचतो आणि श्वासाबरोबर छातीत जातो. बुवांनी तुम्हाला घर बंद करायला सांगितलं. या जमिनीवर राहणाऱ्याला यापेक्षा वाईट सल्ला देता येणार नाही."

या सगळ्या गडबडीत बुवा कधी सटकले कोणी पाहिलं नाही. जिभेच्या जोरावर आलेला माणूस पायांच्या जोरावर गेला. पेटी वहिनींच्या हातातच राहिली.

लोक लगेच शहाणे झाले असं नाही. दोघं-तिघं मास्तरणीवरच चिडून गेले. बरं चाललं होतं, आता पुन्हा ती टकटक डोक्यात आली, असं त्यांचं म्हणणं. मला त्यांचा राग आला नाही. गप्प जमीन कोणाला नको होती? जमीन गप्प झाली म्हणून तर आम्हीही गप्प झालो होतो. खाणीच्या कचेरीत जाऊन "अहवाल कुठे आहे?" असं विचारायचं बुवा आल्यापासून कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

घर रिकामं झालं तेव्हा मी निघायला उठलो, पण ड्रिलरने मला बसवून घेतलं. वहिनी खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी मेणकापडाची एक कड नखाने उचकटली, मग दुसरी. मेण सुटेना. त्यांनी विळी आणली, मेण खरवडलं आणि दार-खिडकीवरचं सगळं कापड ओढून काढलं. खिडकी उघडली. मग पाठमोऱ्याच त्यांनी विचारलं,

"म्हणजे मी केलं हे?"

मला वाटलं, आता खोटं बोल पोरी, एवढ्या वेळी बोल.

"नाही, आई," ती म्हणाली. "अप्पांचा आजार खाणीतला आहे. खाली नीट हवा खेळत नव्हती, तिथे त्यांनी आयुष्य काढलं. तो तू दिला नाहीस. दोन महिन्यांच्या बंद खोलीने तो होत नाही."

"आणि ती तारीख? ती गेली नसती तर?"

"बरे झाले नसते ते." ती थांबली. "पण झोपता आलं असतं, आई. आडवं होऊन झोपता आलं असतं."

वहिनी तिथेच खाली बसल्या. रडल्या नाहीत. ड्रिलरनेच खाटेवरून हात लांब केला, तो त्यांच्या केसांपर्यंत पोचला.

"खाली पंखा बंद पडला की मुकादम म्हणायचा, काही होत नाही," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला. "आणि आम्ही मान डोलवायचो. मी उभ्या जन्मात त्याला एकदाही म्हटलं नाही की, तू ये खाली, तू घे श्वास. तू दोनच महिने फसलीस. मी किती फसलो बघ."

आम्ही त्याला शहरात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मुलीला बाजूला घेतलं. आता गाठीवर किरण सोडून उपयोग नव्हता, शरीरात तेवढी ताकद उरली नव्हती. दुखणं कमी करणारं औषध आणि प्राणवायूची नळी मिळाली. त्याने त्याला थोडं बरं वाटलं. इस्पितळातल्या खोलीला मोठी खिडकी होती. वहिनी ती कोणाला लावू देत नसत. थंडी पडली तरी शाल त्याच्या अंगावर घालत, खिडकी उघडीच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी, बसल्या बसल्याच, तो गेला.

त्यानंतर बरेच दिवस वहिनी कोणाशी बोलल्या नाहीत. मुलीने त्यांना बरोबर नेऊ पाहिलं, त्या गेल्या नाहीत. मग एके दिवशी दुकानासमोरून जाताना दिसल्या. हातात ती पिवळी पेटी होती.

"कुठे, वहिनी?"

"पहारेकऱ्याकडे. तिथे अजून कापड आहे खिडकीला. लहान मूल आहे घरात."

मी दुकान तसंच टाकून त्यांच्याबरोबर गेलो. पहारेकरी घरी नव्हता. सुनेने दार थोडं उघडलं आणि आडवी उभी राहिली.

"सासरे म्हणतात, उघडायचं नाही. तुमच्या घरी बुवांचं चुकलं असेल, पण आमच्याकडे शांत झालं होतं."

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि उंबऱ्यावर बसल्या. "मला काही समजावता येत नाही, बाळ. ते माझ्या मुलीला येतं. मी तुला एवढंच सांगायला आले की मीही तुझ्यासारखीच ऐकत उभी होते. माझ्या नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता आणि मी त्या माणसाला एक गोष्ट विचारली नाही. जरा माझ्या हातात द्या, असं म्हटलं नाही. भाजी घेताना चार वेळा उलटीपालटी करून बघते मी. मडकं वाजवून घेते. आणि हे नाही बघितलं. मला वाटलं, विचारलं तर त्यांचा गुण येणार नाही." त्यांनी नळी पुढे केली. "तू विचारू नकोस मला काही. माझ्यावर विश्वासही ठेवू नकोस. तू स्वतः फिरव."

सुनेने मूल कडेवर सावरत एका हाताने ती घेतली, वाकली आणि कवच फिरवलं. आम्ही तिघंही ऐकत होतो. तिने पुन्हा फिरवलं. पुन्हा.

मग तिने मूल वहिनींच्या मांडीवर दिलं आणि आत जाऊन खिडकीचं कापड ओढायला लागली.

आता वस्तीत एकाही घराला मेणकापड नाही. आम्ही सगळे मिळून खाणीच्या कचेरीत गेलो, अहवाल मागितला, न मिळाल्यावर परत परत गेलो. काही घरांतली रेती उकरून नेली, नवी माती भरली. बाकीची घरं वाट बघताहेत. खिडकी उघडणं हा अर्धाच उपाय आहे, मास्तरीण म्हणते. ज्यांनी ती रेती भरायला दिली, त्यांनीच ती काढली पाहिजे, आणि ते गप्प राहून होणार नाही.

मौनीबुवा दुसऱ्या खाणीच्या वस्तीत असल्याचं कानावर येतं. नवी पेटी, नवी पथ्यं. कदाचित ते तुमच्याकडेही येतील, नाहीतर त्यांच्यासारखं दुसरं कोणी येईल. नळी नसेल, अंगठी असेल, पाणी असेल, नुसता हात असेल. त्यांना शिव्या देऊ नका, वादही घालू नका, वादात ते तुम्हाला हरवतील. नमस्कार करायचा असेल तर तोही करा, पण नंतर. आधी आपला हात पुढे करा आणि म्हणा, जरा माझ्या हातात द्या.